सरासरी दोन माणसं

रेषेच्या आत राहून सलूनवाल्याला काय मिळणार होतं, याचा हिशेब आधी मांडून टाकू. जमेच्या बाजूला: कोणापुढे खोटं हसणं नाही, कोणाच्या मेहुण्याची फुकट दाढी नाही, आणि पालिकेची गाडी वळणावर दिसली की छातीत धस्स होणं नाही. शिवाय वर्षानुवर्षं नियम पाळल्याबद्दल एखाद्या दिवशी सरकारकडून चार चांगले शब्द ऐकायला मिळतील, अशी त्याला आशा होती. ती त्याने बायकोलासुद्धा कधी सांगितली नव्हती; म्हणजे तिला ती पहिल्या दिवसापासून माहीत होती. खर्चाच्या बाजूला एकच वस्तू. बाकडं.

बाकडं म्हणजे गिऱ्हाइकाने नंबर लागेपर्यंत टेकायचं बाकडं. ते बाहेर पदपथावर ठेवलं असतं तर दुकानात तिसरी खुर्ची मावली असती. पण दुकानांची ओळ आणि पदपथ यांच्यामध्ये एक पिवळी रेषा मारलेली होती, आणि दुकानदाराने रेषेच्या पलीकडे काहीही ठेवू नये असा नियम होता. म्हणून बाकडं आत. जागा इतकी अडचणीची, की बाकड्यावर बसलेल्याचे गुडघे खुर्चीवरच्या माणसाच्या पाठीत रुतायचे. गळ्याजवळ वस्तरा आला की सलूनवाला दोघांनाही श्वास रोखून धरायला सांगायचा.

त्या रस्त्यावर रेषा पाळणारं हे एकच दुकान. त्यामुळे लोक त्याला 'कायदेभाऊ' म्हणत. कौतुकाने नव्हे.

शेजारी सोफेवाला. त्याचे सोफे प्लॅस्टिकच्या वेष्टनासकट पदपथावर मुक्कामाला असत. पलीकडे औषधवाला. त्याच्या दुकानाच्या पायऱ्या आधी बाहेर आल्या, मग पायऱ्यांना कठडा आला, कठड्यावर छप्पर आलं आणि छपराखाली फ्रिज उभा राहिला. ओळीच्या टोकाला एक सोसायटी होती. तिथल्या रहिवाशांनी पदपथावर कुंड्या मांडल्या होत्या आणि कुंड्यांच्या आडोशाला निवृत्त मुख्याध्यापकांची स्कूटर विसावा घेत असे. या मुख्याध्यापकांना सगळे 'सर' म्हणत, कारण निवृत्तीनंतरही ते सगळ्या गावाची हजेरी घेत.

एके सकाळी सर फिरायला निघाले. पदपथावर स्कूटर होती, कुंड्या होत्या, फ्रिज होता, सोफे होते. सर रस्त्यावर उतरले आणि एका सायकलचं हँडल त्यांच्या कोपराला घासून गेलं. खरचटलं काहीच नाही, पण मन दुखावलं. त्यांनी फिरायला येणाऱ्या मंडळींना गोळा केलं आणि पालिकेच्या पदपथ विभागात जाऊन सांगितलं, की कायदा कमकुवत झाला आहे. कायदा कडक हवा. नुसता असून चालणार नाही, दिसलाही पाहिजे. विभागाच्या साहेबांनी शेवटचं वाक्य अधोरेखित करून घेतलं.

साहेब पाहणीला आले ते पथक आणि गाडी घेऊनच. पहिल्यांदा सोफेवाला. त्याचं म्हणणं असं, की हे सोफे विकायला नाहीतच, दमल्याभागल्या माणसाला टेकायला ठेवलेले आहेत, साहेबांनी स्वतः बसून बघावं. साहेबांनी बसून बघितलं. अहवालही तिथेच बसून लिहायला घेतला, आणि सोफ्यावर बसून सोफ्याविरुद्ध लिहिणं काही हाताला जमेना. औषधवाल्याच्या पायऱ्या पाडायला कोर्टाची स्थगिती होती. पायऱ्यांमुळे ती कठड्याला, कठड्यामुळे छपराला आणि छपरामुळे फ्रिजलाही लागू पडते, असं त्याच्या वकिलाचं मत होतं. साहेबांना न्यायव्यवस्थेबद्दल आदर होता. राहिल्या कुंड्या. कुंड्या म्हणजे पर्यावरण, शिवाय त्या तक्रारदाराच्या. तक्रारदाराचंच सामान उचललं तर उद्या तक्रार करायला कोण धजेल?

अशा रीतीने कायदा सलूनच्या दारात येऊन पोचला.

"तुमचं बाहेर काय आहे?" साहेबांनी विचारलं.

"काही नाही, साहेब."

"पायपुसणं?"

"आत आहे."

"पाटी?"

"भिंतीला चिकटून आहे."

"मग आम्ही काढायचं काय?" साहेबांचा सूर दुखावलेला होता. "पथक आलंय, गाडी आलीय. काहीतरी सहकार्य नको का?"

सलूनवाल्याने माफी मागितली. टॉवेलांच्या घड्या घालत बसलेली त्याची बायको आतून म्हणाली, "अहो, बाकडं तरी द्या त्यांना. दारात आलेल्याला रिकाम्या हाताने कसं पाठवायचं?"

गाडी रिकामीच परत गेली. पण कारवाई तर व्हायलाच हवी होती. साहेबांनी विचार केला, की उल्लंघन होतं कशाचं? रेषेचं. आणि रेषा तर पार फिकट झालेली. म्हणजे दोष लोकांचा नसून रंगाचा आहे. त्यांनी हुकूम काढला: रेषा नव्याने मारावी, मात्र मारताना कोणाच्याही वस्तूस, भावनेस अथवा न्यायालयाच्या आदेशास धक्का लागू नये.

रंगारी डबा आणि ब्रश घेऊन आला. तो हुकमाचा ताबेदार होता. सोफ्यापाशी आला तसा त्याने ब्रश वळवला आणि सोफ्यांच्या बाहेरून रेषा नेली. फ्रिजच्या बाहेरून नेली. कुंड्यांच्या बाहेरून नेली, आणि स्कूटरच्या आरशाला रंगाचा थेंबही लागू दिला नाही. सलूनसमोर वळसा घालण्यासारखं काही नव्हतं, म्हणून तिथे रेषा सरळ गेली.

संध्याकाळी साहेबांनी रस्त्याच्या टोकाला उभं राहून पाहिलं. सोफे रेषेच्या आत होते. फ्रिज आत होता. कुंड्या, स्कूटर, सगळं आत. अख्ख्या रस्त्यावर एकही उल्लंघन शिल्लक नव्हतं. कायद्याचा एवढा मोठा विजय, आणि कोणाचा आवाजही चढला नव्हता. साहेबांनी सरांना पुष्पगुच्छ दिला. जागरूक नागरिक असले की काय होऊ शकतं, यावर सर बराच वेळ बोलले. भाषण ऐकायला लोक रस्त्यात उभे होते, कारण पदपथावर उभं राहायला जागा नव्हती.

इथवर सगळं ठीक होतं. पण कौतुक ऐकून साहेबांचे वरिष्ठ रस्ता बघायला आले, गाडीतून उतरले, पदपथावर चार पावलं चालायला गेले आणि थेट रस्त्यावर आले. विभागाच्या नियमपुस्तकात लिहिलं होतं, की दोन माणसं शेजारी-शेजारी चालू शकतील इतका पदपथ रुंद असावा. नव्या रेषेनुसार सोफ्यांसमोर अर्धा माणूस मावत होता, तोही आडवा होऊन. फ्रिजसमोर पाव माणूस. कुंड्यांसमोर एक, पण तो पोट आत घेऊ शकणारा हवा. वरिष्ठांनी लेखी खुलासा मागितला.

साहेबांनी नियमपुस्तक पुन्हा एकदा नीट वाचलं, आणि त्यांना जे दिसलं ते आजवर कोणाला दिसलं नव्हतं. दोन माणसं, एवढंच लिहिलं होतं. प्रत्येक ठिकाणी दोन माणसं, असं कुठेही लिहिलं नव्हतं. म्हणजे सरासरी दोन माणसं. एका ठिकाणी अर्धाच माणूस मावत असेल, तर दुसऱ्या ठिकाणी साडेतीन माणसं मावली की हिशेब जुळला. प्रश्न उरला तो फक्त ही जास्तीची दीड माणसं कुठे बसवायची, इतकाच.

साहेब पुन्हा सलूनच्या दारात आले. या वेळी त्यांचा सूर अगदी घरच्यासारखा होता. रेषा थोडी आत घ्यावी लागेल, त्यांनी सांगितलं. साधारण पहिल्या खुर्चीपर्यंत.

"पण साहेब, मी तर रेषेच्या आतच आहे," सलूनवाला म्हणाला.

"म्हणूनच. तुमच्या इथे आत जागा आहे."

"सोफे थोडे मागे घेतले तर..."

"सोफेवाला ऐकणार नाही. औषधवाला कोर्टात जाईल. सर वर पत्र लिहितील. तुम्ही काय कराल?"

सलूनवाल्याने प्रामाणिकपणे विचार केला. त्याला काही सुचेना.

"बघा," साहेब त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "इमारतीचा भार कुठे टाकतात? जिथे जमीन घट्ट असते तिथे. कायद्याचंही तसंच आहे, भाऊ. तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून कायदा उभा आहे."

सलूनवाल्याचे डोळे पाणावले. इतक्या वर्षांची आशा अखेर पुरी झाली होती. साहेब गेल्यावर बायकोने शेवटच्या टॉवेलची घडी घातली आणि म्हणाली, "ऐकलेत ना चार चांगले शब्द? आता खुर्ची कुठे सरकवायची तेवढं सांगा."

रंगाऱ्याने रेषा उंबऱ्यावरून आत आणली, फरशीवरून पहिल्या खुर्चीच्या जागेपर्यंत नेली, वळवली आणि दाराच्या दुसऱ्या अंगाने बाहेर काढली. पहिली खुर्ची दुसरीला खेटली. बाकडं घरी गेलं.

आता सोफेवाला काही मूर्ख नव्हता. रेषा वस्तूमागून येते, वस्तू रेषेमागून नव्हे, हे त्याच्या लक्षात आलं होतं. त्याने सोफ्यांच्या पुढे दिवाण मांडला. औषधवाल्याने फ्रिजला सोबत म्हणून दुसरा फ्रिज आणला. सोसायटीने पर्यावरणात वाढ केली. दर खेपेला रंगारी यायचा, वस्तूंना बाहेरून वळसा घालायचा, बाहेरची माणसं आणखी कमी व्हायची आणि तेवढी तूट भरून काढायला सलूनमधली रेषा आणखी आत सरकायची. सोफेवाल्याने कोपऱ्याचं टेबल बाहेर काढलं, की सलूनमधलं टॉवेलांचं कपाट हलायचं. पुढे एक खुर्चीही विकावी लागली. शेजाऱ्या-शेजाऱ्यांत भांडण मात्र कसलंच नव्हतं. सोफेवाला रोज हात उंचावून विचारायचा, "काय कायदेभाऊ, कसं काय चाललंय?" आणि सलूनवाला सवयीने म्हणायचा, "चाललंय."

चालत तर सगळेच होते. बाहेर पाऊल टाकायला जागा नव्हती, त्यामुळे लोक पदपथ जिकडे जाईल तिकडे जाऊ लागले. पदपथ सलूनच्या दारातून आत शिरायचा, आरशांसमोरून जायचा, बेसिनपाशी वळायचा आणि बाहेर पडायचा. बाजाराच्या पिशव्या घेतलेल्या बायका, हातगाडीवाले, दप्तरं अडकवलेली मुलं, सगळे रांगेने आत येऊन बाहेर जायचे. दाढी करून घेणाऱ्याला येणारे-जाणारे नमस्कार करायचे आणि तोंडाला फेस असल्यामुळे त्याला उत्तर देता यायचं नाही. सरांच्या मंडळींना तर हा भाग फारच आवडला. इथे ऊन नव्हतं, वाहनं नव्हती, डोक्यावर पंखा होता. त्यांनी बाकीचा रस्ता सोडून दिला आणि रोज सकाळी सलूनमध्येच फेऱ्या मारायला सुरुवात केली.

आणि एक तक्रार केली. पदपथावर केस पडलेले असतात, पाय घसरतो. पंखाही जरा सावकाश फिरतो, असं खाली जोडलं. सलूनवाल्याला पदपथ अस्वच्छ केल्याबद्दल नोटीस आली. त्याने साहेबांना विचारलं, की केस कापायचे तरी कुठे? साहेबांनी सहानुभूतीने ऐकून घेतलं आणि केसांचा विषय आपल्या विभागाकडे येत नाही असं सांगितलं.

शेवटी मागच्या भिंतीला टेकून एक खुर्ची उरली. तेवढ्यात सोफेवाल्याकडे जेवणाचं टेबल आल्याची बातमी फुटली. ते बाहेर आलं की रेषा कुठे जाणार, हे कोणी सांगायची गरज नव्हती. त्या खुर्चीवर घर चालत होतं. ती गेली की धंदा संपला. घरी मुलीचं कॉलेज अर्ध्यात होतं आणि सलूनवाल्याला दुसरं काही काम येत नव्हतं.

रंगारी टेबलाची जागा बघायला आला होता. तो डबा खाली ठेवून दारात उभा राहिला, आणि इकडेतिकडे बघत हळूच म्हणाला, "भाऊ, एक सांगू? मी काही मोजत नाही. मला हुकूम एकच, वस्तूला धक्का लावायचा नाही. मी उद्या येतो. त्याच्या आधी तुमची खुर्ची दारापाशी आणून ठेवा. मी तिच्या बाहेरून ब्रश फिरवतो. दुकान आख्खं तुमचं."

"ते नियमात बसत नाही," सलूनवाला म्हणाला.

"बसवायचं काम माझं. तुम्ही फक्त खुर्ची ठेवा."

रंगारी गेला. सलूनवाल्याने वस्तऱ्याला धार लावली, पुसला, पुन्हा लावली. मग म्हणाला, की इतकी वर्षं रेषा पाळली, त्याचं असं कसं झालं? बायको म्हणाली, "अहो, पाळलीत तुम्ही आणि अंगावर धावून आली तीही तुमच्याच." पुढे ती काही बोलली नाही. इतक्या वर्षांत ती पहिल्यांदाच वाद अर्धवट सोडत होती, त्यामुळे तो घाबरला.

सकाळी दोघांनी मिळून खुर्ची ओढली. ती जड होती, फरशीवर खरखर वाजत होती. सलूनवाल्याने ती दारापाशी आणली आणि थांबला. बायको म्हणाली, अजून थोडी पुढे. तो म्हणाला, नको. खुर्ची त्याने पूर्वीच्या, पहिल्या रेषेच्या आतच ठेवली. सगळे पाय आत आहेत ना, हे वाकून बघितलं. आयुष्यातला पहिला गुन्हा होता तो, आणि तोही जुन्या कायद्यानुसार गुन्हा नव्हता.

सरांची मंडळी फेरी मारायला आली आणि खुर्चीशी अडली. सर म्हणाले, "तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती." सोफेवाला पदपथावरच्या सोफ्यावरून उठून आला आणि म्हणाला, की असं प्रत्येकजण करायला लागला तर गावात कायदा उरेल का? औषधवाल्याने आपल्या पायऱ्यांवर, छपराखाली, दोन फ्रिजच्या मध्ये उभं राहून पदपथ विभागाला फोन लावला. लोक जमले. एवढा सरळ माणूस शेवटी असा निघाला, याचं सगळ्यांनाच वाईट वाटत होतं आणि त्यामुळे सगळे जरा खुशीत होते.

आजवर रिकामी परतलेली गाडी रंगाऱ्याच्या आधी येऊन पोचली. साहेबांचा चेहरा उतरला होता.

"तुमच्या भरवशावर सगळी सरासरी उभी होती," ते म्हणाले.

"साहेब, खुर्ची माझ्या दुकानात आहे. आणि ते सोफे..."

"सोफ्यांचं नाव काढू नका. सोफे रेषेच्या आत आहेत. रेषेच्या बाहेर या रस्त्यावर फक्त तुम्ही आहात."

सलूनवाल्याने खाली पाहिलं. रेषा त्याच्या पाठीमागे, बेसिनपाशी होती. साहेबांचं म्हणणं शब्दशः खरं होतं.

पथकाने खुर्ची उचलली. चौघं लागले. गाडीत ठेवताना तिची मान ठेवायची गादी आपोआप मागे झुकली, जणू कोणाची तरी दाढी करायची राहिली होती. फोटो काढले गेले. वर्षाच्या अहवालात कारवाईच्या रकान्यात पहिल्यांदाच काहीतरी लिहिता आलं, आणि वरिष्ठांनी त्यावर शेरा मारला: कायद्यापुढे सर्व समान. सरांना समाधान वाटलं. कायदा दिसला होता.

मग रंगारी आला. दुकानात आता वळसा घालण्यासारखी वस्तूच नव्हती. तो सलूनवाल्याकडे न बघता आत गेला आणि मागच्या भिंतीच्या कडेने रेषा मारली. नवरा-बायको मधोमध उभे होते, म्हणजे पदपथावर. पिशव्या घेऊन आलेल्या एका बाईंना वळायला जागा होईना. त्या म्हणाल्या, "थांबून राहू नका हो मध्ये, मागे रांग आहे." सलूनवाल्याने माफी मागितली आणि दोघं रांगेबरोबर चालत बाहेर पडले.

आता शेवटची बेरीज. सोफेवाल्याने काही भरलं नाही. टेबलाला मात्र चांगलं गिऱ्हाईक मिळालं. औषधवाल्याने एका फोनचा खर्च केला. सरांनी दोन भाषणं खर्ची घातली, आणि ती त्यांना तशीही करायचीच होती. साहेबांनी एक सही दिली आणि बढती घेतली. रंगाऱ्याने भिंतीजवळची रेषा इतक्या कोरड्या ब्रशने मारली होती, की विभागाने ती पुन्हा मारायला लावून त्याची एक दिवसाची मजुरी कापली. बाकी सगळं सलूनवाल्याने भरलं. पदपथ आज सरासरी बरोबर दोन माणसांचा आहे.

आरसे भिंतीवर तसेच आहेत. पदपथावरचे आरसे काढण्याची नियमात तरतूद नाही. तिथून जाताना आपणही जरा थांबतो, भांग नीट करतो, कायदा कडक झाला हे बरं झालं असं मनात म्हणतो आणि पुढे जातो. सोफेवाल्याकडे कपाटं यायची आहेत. रंगारी डबा घेऊन निघालेला आहे आणि या रस्त्यावर अजून कोण रेषेच्या आत राहतं, याची साहेब प्रेमाने चौकशी करत आहेत. तुम्ही आत असाल तर हळू बोला. आणि बाहेर असाल तर काळजीचं कारण नाही. तुमच्या वाट्याचं कोणीतरी भरलेलं आहे.